साइड दिल्याबद्दल

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ कुठे द्यायचं ते मला अजून कळत नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथी झाली आणि मी मिठागरावर जायला लागले. बोटं फावड्याला सरावली, पेनाला नाही. ही वही मुलीची आहे, अर्धी कोरी राहिली होती. मी लिहिते हे घरात कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर विचारतील, काय लिहितेस, आणि मला उत्तर देता येणार नाही, कारण लिहिण्यासारखं मी काही केलेलं नाही. एका टेम्पोत डाव्या बाजूला बसून पाच-सहा वर्षं लोकांना हात केला, एवढंच. पण त्या हात करण्यामुळे आमचा टेम्पो जायची पाळी आली होती, म्हणून लिहिते.

आमचं गाव पेणच्या खाडीकडे. चहूकडे मिठागरं. हे, म्हणजे माझे यजमान (नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही), दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर होते. पुढे एक जुना तीन चाकी टेम्पो विकायला निघाला आणि ह्यांचं मन त्यावर बसलं. पैसे मोठ्या दिरांनी दिले. दिरांची जमीन कंपनीत गेली होती. त्या पैशातून त्यांनी एक जीप आणि एक हातांची खुर्ची घेतली. खुर्ची पडवीत मांडली, आणि त्या दिवसापासून गावातले निवाडे तिथे व्हायला लागले. माणूस तोच, पण खुर्चीत बसल्यावर खोकलासुद्धा वजनदार झाला.

"घरातला पैसा घरात राहील," ते म्हणाले आणि व्याज लावलं नाही. व्याज लावलं नाही हे ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत, त्यामुळे व्याज आम्ही वेगळ्या रीतीने भरतच होतो. मुद्दल दर महिन्याला थोडं थोडं फेडायचं, आणि एक जरी हप्ता चुकला तरी टेम्पो त्यांच्या अंगणात नेऊन लावायचा, असं ठरलं.

टेम्पो म्हणजे काय होता ते सांगायला हवं. ह्यांच्या बाजूची काच वर अडकलेली होती, ती कधीच खाली आली नाही. डाव्या बाजूचा आरसा आधीच्या मालकाने दाढीसाठी काढून घेतला होता. चढावर बैलगाडी पुढे जायची. असा टेम्पो भरून पेणहून मीठ आणि सुकी मासळी घेऊन वडखळ, नागोठणं करत रोह्याला जायचं, आणि येताना कोलाड-खांबकडचा तांदूळ मिळाला तर आणायचा. डावीकडे बघायला एक क्लीनर ठेवला होता. तो रोह्याला कंपनीत शिफ्टवर लागला आणि जाताना टेम्पोतली बसायची गादीही घेऊन गेला. दुसरा ठेवायला पैसे नव्हते.

"अगो, तू बस डाव्या अंगाला," हे म्हणाले.

"मी? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतात ते डाव्या अंगाला बसून बघ. मला त्या अंगाचं काय दिसत नाय."

मी लाजाळू. तेव्हाही होते, आताही आहे. बाजारात भाव विचारायचा तर मी दुसरी कोणी बाई विचारेपर्यंत उभी राहायची आणि तिच्यामागून तेवढंच घ्यायची. एकदा त्या नादात नको असताना सुरण घेऊन आले होते. अशा बाईला ह्यांनी मुंबई-गोवा रस्त्यावर नेऊन बसवली.

बसल्यावर कळलं की नुसतं बघायचं काम नाही. मोठं काम आभाराचं. आमच्या टेम्पोला रस्त्यात सगळ्यांच्या दयेवर चालावं लागे. कोणी थांबून वाट दिली तर आम्ही पुढे, नाहीतर तिथेच. ज्याने साइड दिली त्याला हात करायचा, हा लाइनीचा नियम. ह्यांचा हात अडकलेल्या काचेमुळे बाहेर जात नव्हता, शिवाय स्टेअरिंग सोडलं की टेम्पो आपल्या मनाने शेतात वळायचा. म्हणजे हात माझा.

पहिल्या दिवशी वडखळपर्यंत ह्यांनी मला शिकवलं. "एसटीवाल्याला दोन बोटं कपाळाला लाव. तो सरकारी माणूस हाय, त्याला सलाम लागतो. टँकरवाल्याला आख्खा पंजा. बैलगाडीवाल्याला तोंडानं बोल, 'हां दादा' असं, नायतर बैल बुजतो. मोटारवाल्याला काय पण नको."

"का?"

"तो बघतच नाय. त्याला वाटतं रस्ता त्यानंच आपल्याला वापरायला दिलाय."

"आणि नाही केला हात तर?"

"तर त्याच्या ध्यानात राहतं. बायकोचा वाढदिवस नाय राहत, पण कुठल्या टेम्पोनं हात केला नाय ते वर्षभर राहतं. मंग पुढच्या टायमाला चिखलात घालतो."

मला हे सगळं नवीन होतं. आमच्या घरात, गावात, आभार कोणी कोणाचे मानत नाही. शेजारणीने मीठ-मिरची दिली तर वाटी परत करताना त्यात काहीतरी घालून देतात, पण तोंडाने बोलत नाहीत. बोललं तर ती म्हणेल, "मी परकी काय गो?" 'आभारी आहे' हे मी फक्त चौथीच्या पुस्तकात, पत्राच्या शेवटी वाचलं होतं. आणि ह्यांनी लग्नाला बारा वर्षं झाली तरी भाकरीसाठी मला कधी एक बोट कपाळाला लावलं नव्हतं. तेच हे रस्त्यात कुठल्या कुठल्या टँकरवाल्याला पंजा दाखवला नाही म्हणून माझ्यावर डोळे वटारत होते.

पण हात जाईना. नागोठण्याच्या अलीकडे एक ट्रक आमच्यासाठी थांबला. "कर, कर, हात कर," हे म्हणाले. मी हात उचलला. समोर मिशांचा अनोळखी बाप्या. लग्नाच्या बाईने अशा बाप्याला हात करायचा? माझा हात अर्ध्यावर थांबला, दुसरा हात त्याच्या मदतीला गेला आणि दोन्ही जुळले. मी त्या ट्रकवाल्याला मान खाली घालून नमस्कार केला. आम्हांला मोठ्यांसमोर एवढंच शिकवलेलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग त्याने घाईघाईने तोंडातली विडी बाहेर टाकली आणि स्वतः हात जोडले.

हे हसायला लागले. "अगो, तो काय तुझा मामेसासरा हाय?"

पण पुढचा ट्रकही तसाच. मी हात जोडले की तो गाडी पार खाली मातीत घ्यायचा, डोक्यावरची टोपी काढायचा, हात जोडायचा. एका एसटीच्या ड्रायव्हरने तर इंजिन बंद करून आम्हांला जाऊ दिलं. खिडकीतल्या दोन म्हाताऱ्यांनी पोरांची मुंडी धरून वाकवली. ज्या रस्त्याला आम्हांला सकाळ जायची, तो त्या दिवशी चहा प्यायच्या वेळेत संपला. रोह्याच्या व्यापाऱ्याने घड्याळ बघितलं आणि विचारलं, "आज विमानानं आलात काय?"

हे खूश. मला कळेना. कोडं सुटलं चार दिवसांनी, नागोठण्याच्या चहाच्या टपरीवर. तोच विडीवाला ट्रकवाला तिथे होता. खांब गावचा होता तो. आमचा टेम्पो बघून उठला, चपला बाजूला काढल्या आणि अनवाणी टेम्पोच्या मागे येऊन उभा राहिला.

"कुठल्या कारखान्यातली मूर्ती?" त्याने ह्यांना विचारलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. श्रावण चालू होता. पेणच्या कारखान्यांतून गणपती भरून टेम्पो निघायचे दिवस. पेंढ्यात मूर्ती, वर ताडपत्री, आणि रस्त्यावरचे सगळे त्यांना सांभाळून वाट देत, कारण एक धक्का बसला की बाप्पाची बोटं जातात. आमच्या टेम्पोवर पावसासाठी ताडपत्री होतीच. पुढे पदर घेतलेली, हात जोडून बसलेली बाई. लोकांनी आपापलं समजून घेतलं.

ताडपत्रीखाली मिठाची पोती होती आणि त्यावर सुक्या बोंबलांच्या दोन पाट्या.

ह्यांनी ताडपत्रीची दोरी चाचपली. मला वाटलं, आता खरं सांगतील. हे म्हणाले, "झाकलेली हाय. उघडायची नाय."

"नको, नको, उघडू नका." त्याने आपल्या गाडीतल्या देवाच्या फोटोला वाहिलेलं जास्वंदीचं फूल आणलं आणि ताडपत्रीच्या दोरीत खोवलं. मग नाक वर केलं. "वास कसला येतो?"

"रस्त्याचा," हे म्हणाले.

तो हात जोडून उभा राहिला. मी चहाचा कप तोंडाला लावून ठेवला, त्यात चहा नव्हता. टेम्पो सुरू झाल्यावर मी ह्यांना बोलले, "पाप लागेल."

"मी कुठं सांगितलं गणपती हाय म्हणून? झाकलेली हाय म्हटलं. ताडपत्री झाकलेली नाय काय?"

"त्याचं फूल बोंबलावर आहे."

"मंग तू नमस्कार करू नको. हात कर."

तेच तर जमत नव्हतं. मी पुढच्या गाडीला पुन्हा हात जोडले, पण डोळे मिटून, म्हणजे मनात मी देवाचीच माफी मागत होते. त्यामुळे ते आणखीच खरं दिसायला लागलं.

आमच्या गावात बातमी पायाने येत नाही, एसटीने येते. कोणीतरी बाजारातून येताना मला बघितलं. वडखळला ती बातमी 'टेम्पोत बसते' अशी निघाली, पेणला 'ट्रकवाल्यांना हात करते' अशी झाली, आणि गावात उतरली तेव्हा एका ट्रकवाल्याने मला फूल दिलं होतं. दिरांनी बोलावणं पाठवलं.

मी दिरांशी कधी बोलले नव्हते. मोठा दीर म्हणजे सासऱ्याच्या जागी. त्यांच्यासमोर यायचं नाही, बोलायचं नाही, त्यांच्या सावलीवर पाय द्यायचा नाही. ते खुर्चीत बसले, हे खाली बसले, आणि मी दाराआड जाऊबाईंच्या शेजारी. जाऊबाई वाल निवडत होत्या. दीर माझ्याशी बोलायचे ते जाऊबाईंच्या मार्फत, आणि मधे अंतर चार हातांचं.

"तिला विचार, ट्रकवाल्यांना हात करते हे खरं काय?"

"अगो, हे विचारतात, ट्रकवाल्यांना हात करतेस हे खरं काय?"

"ऐकलं," मी हळू म्हणाले.

"ऐकलं म्हणते," जाऊबाईंनी बाहेर सांगितलं.

"हात नाय दादा," हे मधे बोलले, "नमस्कार करते."

दीर खुर्चीत पुढे सरकले. "नमस्कार? ट्रकवाल्यांना? मला कधी करते?"

"दिवाळीला करते."

"वर्षातून एकदा मला, आणि रोज त्यांना! मी टेम्पोला पैसे दिले. त्यांनी काय दिलं?"

"साइड," हे म्हणाले.

जाऊबाईंना हसू आलं, त्यांनी वालाचं सूप तोंडासमोर धरलं. दिरांना ते दिसलं नाही, पण सूप हललेलं दिसलं.

"साइड द्यायची तर त्यांनी द्यावी. रस्ता सरकारचा हाय. त्याचे आभार कसले? मी जीप चालवतो, मी कोणाला हात करतो? मी हॉर्न देतो. हॉर्न दिला की माणूस आपोआप बाजूला होतो." मग त्यांनी निवाडा दिला. "तिला सांग, ह्यापुढे आपल्या घरातल्या बाईचा हात रस्त्यात दिसता कामा नये. नमस्कार पण नाय. पुन्हा कानावर आलं तर हप्त्याची वाट बघणार नाय. टेम्पो अंगणात आणून लावायचा."

"अगो, हे सांगतात..." जाऊबाईंनी सुरुवात केली.

"ऐकलं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मी हात मांडीखाली घेऊन बसले. खरंच, दोन्ही हात मांडीखाली. सवयीने उठू नयेत म्हणून. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी ट्रकवाले आमच्याकडे जरा वेळ बघायचे. तिसऱ्या दिवशी एकजण खिडकीतून ओरडला, "ताई रुसल्या काय?" चौथ्या दिवसापासून साइड बंद.

मला आधी वाटायचं, ह्यांनी सांगितलेलं बोलण्यापुरतं असेल, माणसं एवढ्याशा गोष्टीचा राग धरत नसतील. धरतात. वाघाला मारून आलेला माणूस शांत झोपेल, पण ज्याच्यासाठी त्याने ब्रेक लावला त्याने हात केला नाही तर तो गावापर्यंत चडफडत जाईल. टँकर, ट्रक, एसटी, सगळ्यांनी आम्हांला ओळखून धरलं. खिंडीच्या चढावर आमच्या मागून हॉर्न, पुढून दिवे. एकदा आम्ही एका वळणावर इतका वेळ थांबलो की मी खाली उतरून टाकळ्याची भाजी खुडली, आणि तिची जुडी बांधून झाली तरी आम्ही तिथेच. बोंबलांना पाणी सुटलं. रोह्याच्या व्यापाऱ्याने दोन खेपा परत केल्या आणि सांगितलं, आणखी एकदा उशीर झाला तर दुसरा टेम्पो बघतो.

हप्त्याला सहा दिवस उरले होते आणि हातात निम्मे पैसे होते. म्हणजे हात केला तर टेम्पो जाणार आणि नाही केला तरी जाणार. ह्यांनी रात्रीचं जेवण कमी केलं. मी जाऊबाईंकडे गेले, म्हटलं, भावोजींना तुम्ही समजावा. त्या म्हणाल्या, "मी काय समजवू? माझं काम फक्त निरोप देणं. मला त्यांनी उत्तर देण्यासाठी ठेवलेली नाय."

मग ती पुलाची गोष्ट घडली.

नागोठण्यावरून रोह्याकडे वळलं की खिंडीच्या अलीकडे ओढ्यावर तेव्हा एक अरुंद पूल होता. एका वेळी एकच गाडी. नियम असा की जो आधी चढला त्याने जायचं, दुसऱ्याने थांबायचं. आम्ही पुलाच्या मध्याच्याही पुढे गेलो होतो. समोरून एक जीप आली, थांबली नाही, हॉर्न देत सरळ पुलावर चढली आणि आमच्या नाकाला नाक लावून उभी राहिली.

दीर होते.

रोह्याहून कुठलं तरी काम करून परत येत होते. त्यांनी आम्हांला बघितलं, आम्ही त्यांना. मी पदर इतका पुढे ओढला की मला फक्त माझी मांडी दिसत होती. त्यांनी पुन्हा हॉर्न दिला. आमच्या मागे दोन टेम्पो आणि एक मोटार लागली होती, मागे घ्यायला जागा नव्हती. त्यांच्या मागे एक एसटी, तिच्या मागे एक ट्रक.

ट्रकवाला खाली उतरला. खांबचा विडीवाला. काय झालं बघायला चालत पुढे आला, आमचा टेम्पो ओळखला आणि जीपच्या बॉनेटवर थाप मारली. "अहो शेठ, हॉर्न कसला देताय? त्या टेम्पोत गणपती हाय! मागे घ्या!"

दीर म्हणाले, "गणपती? ह्या टेम्पोत?"

"व्हय! मी स्वतः फूल वाहिलंय."

एवढ्यात एसटीतून माणसं उतरली. कोणीतरी म्हणालं, मूर्ती अडकली आहे. एका म्हातारीने पुलावरच हात जोडले. तिला बघून सगळ्यांनी जोडले. कंडक्टर तिकिटांची पेटी बगलेत मारून म्हणाला, "देवाला वाट देत नाय म्हणजे काय माणूस हाय!"

मी पदराच्या कडेतून बघत होते. दिरांच्या तोंडावर असं काही मी आधी बघितलं नव्हतं. त्यात मीठ आणि बोंबील आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण सांगणार कसं? मीठ आहे म्हटलं तर विचारतील, तुम्हांला काय ठाऊक? मग सांगावं लागेल की टेम्पो माझ्या पैशांचा, चालवणारा माझा भाऊ, आणि हात जोडणारी माझी भावजय. आपल्या घराने देवाच्या नावावर वाट मिळवली हे चाळीस माणसांसमोर कबूल करावं लागेल. आणि गप्प बसले तर जीप मागे घ्यावी लागेल. मग त्यांनी गिअर शोधायला सुरुवात केली.

मागचा गिअर त्यांना सापडेना. जीप घेतल्यापासून त्यांनी तो वापरलाच नव्हता. जीप आधी एक वीत आमच्याच अंगावर आली. म्हातारी ओरडली. कंडक्टर मागे जाऊन उभा राहिला आणि "येऊ द्या, येऊ द्या, थोडी डावी, हां, येऊ द्या" करत, एसटीला मागे सारत, त्याने ती जीप पुलावरून उतरवून घेतली आणि चिखलात उभी करवली. दिरांना घाम फुटला होता.

हे टेम्पो हळूहळू पुढे घेऊ लागले. आणि मला कळलं की आता सगळे माझ्याकडे बघत आहेत. विडीवाला, कंडक्टर, एसटीतली माणसं. जीपवाल्याने साइड दिली. आता टेम्पोवाली काय करते?

हात केला तर टेम्पो जाणार, आणि हात करू नको म्हणणारा माणूसच समोर साइड देऊन बसलेला. नाही केला तर ह्या चाळीस माणसांत त्यांचा अपमान. हे दाताखालून म्हणाले, "काय करतेस गो?" मला एवढंच वाटलं, ह्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी वाट दिली आणि ती जर फुकट गेली तर पुन्हा कधी देणार नाही. मी मांडीखालचा उजवा हात काढला. नमस्कार नाही केला. सरळ पंजा वर केला, टँकरवाल्याला करतात तसा.

आणि दिरांचा हात स्टेअरिंगवरून आपोआप वर आला. पुरा पंजा. वर आल्यावर त्यांनी त्याच्याकडे बघितलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे, आणि खाली घेऊन त्याच हाताने कपाळ पुसलं. पण तोवर आम्ही पुढे गेलो होतो.

परत येताना टपरीवर विडीवाला भेटला. मला राहवलं नाही. परक्या बाप्याशी मी आपणहून बोलले ते पहिल्यांदा. "भाऊ, टेम्पोत गणपती नव्हता. त्या दिवशीही नव्हता. मीठ होतं. चुकलं आमचं."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग आजूबाजूला बघून हळू म्हणाला, "ताई, मला सांगितलंत ते ठीक. आणखी कोणाला सांगू नका. मी सगळ्या लाइनीला सांगितलंय, माझ्या फुलानं त्यांची खेप सुखरूप पोचली म्हणून. माझी काय अब्रू राहील?"

"मग मी काय करू?"

"हात करत जा. नमस्कार नको. बाकी मी बघतो."

घरी आलो तर पडवीत गर्दी. आम्हांला वाटलं, टेम्पो न्यायला माणसं जमवली. दीर खुर्चीत बसून सांगत होते, "...लांबूनच मी ओळखलं. म्हटलं देव येतोय. एसटीवाला मागे घेईना, मी म्हटलं, तू नाय तर मी घेतो." लोक माना डोलवत होते. आठवड्याभरात त्या गोष्टीतली जीप खिंडीपर्यंत मागे गेली होती. कुठल्या टेम्पोत देव होता हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

गर्दी गेल्यावर ते दाराकडे न बघता म्हणाले, "तिला सांग, हात करायचाच तर पदर नीट घेऊन करत जा म्हणावं. आणि ह्या टायमाला हप्ता आठ दिवस उशिरा चालेल."

जाऊबाई म्हणाल्या, "ऐकलं तिनं."

त्यानंतर मी हात करू लागले. एसटीला दोन बोटं, टँकरला पंजा. पहिले काही दिवस कान तापायचे, मग तेही थांबलं. साइड मिळायला लागली. आमचा टेम्पो धक्का न लागता पोचतो असं पेणला झालं आणि पुढच्या श्रावणात एका कारखान्याने आम्हांला खरोखरच्या मूर्ती दिल्या, रोह्याला पोचवायच्या. त्या खेपेला मी दोन्ही हात जोडायला मोकळी होते, पण भीतीने दोन्ही हातांनी दांडी धरून बसले, तर निम्म्या लोकांनी साइड दिली नाही. तरी एका उंदराच्या शेपटीपलीकडे काही मोडलं नाही. त्या कारखान्याचं काम आम्हांला दर वर्षी मिळत गेलं, आणि मूर्तींचं भाडं मिठाच्या तिप्पट.

हप्ता पुन्हा चुकला नाही. तीन वर्षं लागली. शेवटचा हप्ता द्यायच्या दिवशी हे रोह्याला खेपेवर होते, जाऊबाई शेतावर. मीच पैसे घेऊन पडवीत गेले आणि खांबाआड उभी राहिले. निरोप द्यायला मधे कोणी नव्हतं. दिरांनी इकडेतिकडे बघितलं, मग खुर्ची जरा वळवून तिचा हात माझ्या बाजूला केला. मी पुढे होऊन पैसे त्यावर ठेवले. त्यांनी ते दोनदा मोजले. एक नोट फाटकी निघाली, ती उजेडात धरून त्यांनी परत ठेवली.

"ही चालणार नाय," ते माझ्याशीच बोलले.

मी कनवटीतली दुसरी काढून दिली. त्यांनी ती घेतली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि म्हणाले, "पूर्ण झाले."